मातीवर भरवसा ठेवणारा मॅकॅडम

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात किंवा जिल्हा परिषदेच्या निविदेत ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ हे शब्द वारंवार येतात. कारकून ते मुकाट्याने उतरवून घेतो, ठेकेदार त्यांचा ‘डब्ल्यू. बी. एम.’ असा संक्षेप करतो आणि गावकरी ‘खडीकरण’ म्हणून मोकळे होतात. मॅकॅडम हे एखाद्या दगडाचे किंवा यंत्राचे नाव असावे, असाच बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः ते एका माणसाचे आडनाव आहे. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडमध्ये १७५६ साली जन्मला आणि १८३६ साली वारला. तो अभियंता नव्हता, गणिती नव्हता, कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. आयुष्याचा बराच काळ त्याने व्यापारात घालवला आणि साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत रस्त्याच्या कामावर पगारी नोकरीही केली नाही. त्याचे नाव खडीला चिकटले हे खरे. परंतु त्याच्या सांगण्याचा गाभा खडीखालच्या मातीविषयी आणि त्या मातीची राखण करणाऱ्या माणसांविषयी होता. नेमका तेवढाच भाग आपण विसरलो आहोत.

मॅकॅडमच्या लहानपणी रस्त्यांची व्यवस्था कशी होती, हे पाहिल्यावाचून त्याच्या कामाचे मोल कळणार नाही. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमधील रहिवाशांवर वर्षातून ठरावीक दिवस, प्रथम चार आणि पुढे सहा, आपल्या हद्दीतील रस्त्यावर बिनपगारी राबण्याचे बंधन होते. आपल्याकडील वेठीचाच हा एक प्रकार. वेठीच्या कामाची प्रत सर्व देशांत सारखीच असते. दिवस भरला म्हणजे काम झाले. पुढे व्यापार वाढला आणि अवजड गाड्यांनी रस्त्यांची दैना उडवली, तेव्हा अठराव्या शतकात संसदेने एकामागून एक कायदे करून पथकर-न्यास स्थापन केले. गावोगावचे जमीनदार व प्रतिष्ठित गृहस्थ त्यांचे विश्वस्त असत. पथकराच्या उत्पन्नाच्या तारणावर त्यांनी कर्ज उभारावे, नाक्यावर गाड्यांकडून पैसे घ्यावेत आणि त्यातून रस्ता दुरुस्त राखावा, अशी ती योजना. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे वाचून काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात या पथकराचे तत्त्व न्याय्य ठरवले. जो रस्ता झिजवतो त्याने झिजेच्या प्रमाणात भार सोसावा, यात त्याला काही गैर दिसले नाही. पण गरजेच्या दुपटीहून अधिक पैसा गोळा होऊनही काम निकृष्टच राहते, अशी तक्रारही त्याने तेथेच नोंदवून ठेवली आहे.

कायदे करणाऱ्यांनी यावर जो उपाय शोधला तो मोठा मासलेवाईक होता. रस्ता गाडीला पेलत नाही, तर गाडीच रस्त्याला मानवेल अशी करावी! १७५३ च्या कायद्याने अवजड मालगाड्यांच्या चाकांची धाव नऊ इंच रुंद असावी असे फर्मावले. रुंद धावेने रस्ता रुळाप्रमाणे दाबला जाईल, ही त्यामागील कल्पना. गाडीवानांनी त्यातून पळवाटा काढल्या आणि चिखल होता तेथेच राहिला.

मॅकॅडमचा जन्म एअर या गावचा, घराणे खाऊनपिऊन सुखी. तथापि वडिलांच्या हातून संपत्ती गेली, १७७० साली ते वारले आणि चौदा वर्षांच्या जॉनला न्यूयॉर्कला व्यापार करणाऱ्या चुलत्याकडे पाठवण्यात आले. तेथे तो हिशेब शिकला. अमेरिकन वसाहतींनी बंड पुकारले तेव्हा तो राजाच्या पक्षाला राहिला. युद्धात पकडलेल्या जहाजांवरील मालाच्या विक्रीची दलाली करून त्याने बरीच माया जमवली. वसाहती जिंकल्या आणि राजनिष्ठांना देश सोडावा लागला. १७८३ साली तो मायदेशी परतला, तेव्हा मालमत्तेचा मोठा भाग गमावूनही एअरशायरमध्ये एक इस्टेट घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी होता. जमीनदार म्हटला की पथकर-न्यासाचा विश्वस्त होणे ओघाने आलेच. आपल्या भागातील रस्त्यांवर खर्च किती होतो आणि त्याचे फळ किती मिळते, हे त्याने तेव्हा प्रथम पाहिले. व्यापाऱ्याच्या नजरेला हा ताळेबंद पटण्यासारखा नव्हता.

याच सुमारास तो आणखी एका उद्योगात शिरला. दगडी कोळशापासून डांबर काढण्याचे पेटंट लॉर्ड डंडोनल्ड या सरदाराने १७८१ साली घेतले होते. त्या कारखानदारीत मॅकॅडम गुंतला. हे डांबर जहाजांच्या तळाला फासण्यासाठी होते. आरमाराने मात्र तळाला तांब्याचा पत्रा मारणे पसंत केले आणि डांबराच्या धंद्यात त्याला खोट आली. ज्याच्या नावाचा रस्ता पुढे डांबराने काळा झाला, त्याच्या हाताशी ऐन उमेदीत डांबर होते आणि ते रस्त्यावर ओतण्याचे त्याने कधी मनात आणले नाही.

१७९८ मध्ये तो दक्षिणेकडील फाल्मथ बंदरात आरमाराला रसद पुरवण्याच्या कामावर गेला आणि पुढे ब्रिस्टल येथे स्थायिक झाला. या काळात त्याला रस्त्यांचे जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही. १८१४ पर्यंत त्याने स्वतःच्या हिशेबाप्रमाणे सुमारे तीस हजार मैल प्रवास केला, त्यात एकोणीसशे दिवस घालवले आणि पाच हजार पौंडांवर पदरचा पैसा खर्च केला. कोणी नेमले नव्हते, कोणी अहवाल मागितला नव्हता. तो जाई, रस्ता उकरून पाही, सर्व्हेअरला व मजुरांना प्रश्न विचारी, हिशेबाच्या वह्या चाळी. दिवस, मैल आणि पौंड अशा तिन्ही रकान्यांत मोजदाद ठेवणारा हा प्रवासी मूळचा दुकानदार होता हे येथे लपत नाही.

या भटकंतीतून त्याला जे गवसले ते थोडक्यात असे. त्या काळी चांगला रस्ता म्हणजे खाली मोठमोठ्या दगडांचा पाया, वर लहान दगड आणि फटी बुजवण्यासाठी माती, चिकणमाती अथवा खडू, अशी समजूत होती. रस्ता खचला की आणखी दगड टाकीत. कित्येक ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन फूट दगड साचूनही रस्ता वाईटच होता. मॅकॅडमने प्रश्न उलटा करून विचारला: गाडीचे ओझे शेवटी पेलतो कोण? दगड नव्हे, दगडही मातीवरच बसलेले असतात. ओझे पेलते ती जमिनीची मूळ माती, आणि ती कोरडी असेतोवर वाटेल ते वजन न खचता पेलते. भिजली की तिचे बळ जाते. तेव्हा रस्ता बांधणे म्हणजे मातीवर छप्पर घालणे. दगडाच्या थराने वरचे पाणी आत शिरू देऊ नये आणि बाजूच्या चरांनी खालचे पाणी वर चढू देऊ नये, एवढेच त्याचे काम.

हे एकदा मानले की बाकीचे नियम आपोआप निघतात. रस्त्याचा तळ चरातील पाण्याच्या पातळीहून उंच हवा. चर खोल नेता येत नसेल तर भराव घालून रस्ता वर उचलावा. तळाची माती चरापेक्षा वर आणि व्यवस्थित उतार दिलेली असली की मोठ्या दगडांच्या पायाचे प्रयोजनच उरत नाही. वर दहा इंच, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, फोडलेल्या स्वच्छ दगडांचा थर पुरे. तीस फूट रुंदीला मध्यभागी उंचवटा अवघा तीन इंच. त्याहून अधिक दिला तर गाड्या मधोमधच चालतात आणि तेथे चाकोऱ्या पडतात. दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नसावा, कारण मोठा दगड चाकाच्या धावेखाली एका टोकाला दाबला की दुसऱ्या टोकाने उचलला जातो आणि सगळा थर खिळखिळा करतो. लहान, धारदार कोनांचे दगड मात्र वाहतुकीच्या दाबाखाली एकमेकांत अडकून एकसंध होतात. आणि सर्वांत कडक निषेध: दगडांत माती मिसळू नये. माती पाणी शोषते, थंडीत ते गोठून फुगते आणि छप्पर फुटते. देखरेख करणाऱ्यांना तो दगड तोलण्यासाठी तराजू बाळगावयास सांगे. मजुरांपाशी तराजू नसे. त्यांनी दगड तोंडात मावतो की नाही हे पाहावे, अशी तोड निघाली होती म्हणतात. एका ठिकाणचे दगड फार मोठे निघाले, चौकशी केली तर फोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडात एकही दात नव्हता! ही शब्दशः दंतकथा असली, तरी सोपे मोजमाप मजुरापर्यंत पोहोचले होते एवढे तिच्यावरून दिसते.

मातीविषयीच्या त्याच्या सिद्धान्ताची परीक्षा सॉमरसेट परगण्यातील दलदलीत झाली. ब्रिजवॉटरजवळचा एक रस्ता अशा पाणथळ, कुजकट जमिनीवरून जात होता की गाडी गेली की भोवतालची जमीन थरथरे. येथे मोठ्या दगडांचा पाया घातल्यावाचून कसे भागेल, असा प्रश्न संसदेच्या समितीपुढे निघाला. मॅकॅडमने साक्षीत सांगितले की तेथे पाया नाही, आणि त्याच परगण्यात खडकावरून जाणाऱ्या रस्त्यापेक्षा या मऊ रस्त्याला दगड कमी लागतो. खडकाला सात टन तर येथे पाच, असे प्रमाणही त्याने दिले. खडकाच्या ऐरणीवर खडीचा भुगा होतो. मऊ जमीन घाव अंगावर घेते. ऐकणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटले असेल. पण साक्षीदाराच्या हाती खर्चाची वही होती.

ब्रिस्टलच्या पथकर-न्यासाने १८१६ च्या प्रारंभी त्याला मुख्य सर्व्हेअर नेमले, तेव्हा सुमारे दीडशे मैलांचा रस्ता त्याच्या ताब्यात आला. येथे त्याने केले ते पाहण्यासारखे आहे. नवा दगड आणण्याऐवजी त्याने जुना रस्ताच उकरला, साचलेले मोठे दगड बाहेर काढून फोडले, आणि तेच स्वच्छ करून पुन्हा पसरले. त्याच्या पुष्कळशा रस्त्यांचा माल असा जागेवरच मिळाला. दगड फोडणारे उभे राहून मोठा घण घालीत. त्याने त्यांना बसवले आणि हलकी हातोडी दिली. त्यामुळे म्हातारे, बायका आणि मुलेही हे काम करू लागली. नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपून बेकारी माजली होती. गरिबांना कामाविना धान्य वाटण्यापेक्षा हे बरे, असे त्याचे म्हणणे. बसून खडी फोडणाऱ्या बायका आणि शेजारी हातोडी घेतलेली मुले हे चित्र आपल्याला परके नाही. दुष्काळी कामांवर ते महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले आहे. मॅकॅडमच्या काळी त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही. आपण मुलांच्या हातातील हातोडीकडे तितक्या शांतपणे पाहू शकत नाही.

१८१६ आणि १८१९ साली त्याने पुस्तके लिहिली, संसदेच्या समित्यांपुढे साक्षी दिल्या, आणि त्यांत खडीइतकाच, किंबहुना अधिक, भर कारभारावर दिला. इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे हजार न्यास आणि वीस हजारांवर मैल रस्ता. म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम वीस मैल. एवढ्या लहान न्यासाला जाणता सर्व्हेअर पगार देऊन ठेवणे परवडत नाही. मग कोणा विश्वस्ताच्या मर्जीतला माणूस नेमला जातो. मॅकॅडमची मागणी अशी की न्यास एकत्र करावेत, सर्व्हेअर शिकलेला, पूर्णवेळ आणि भरपूर पगाराचा असावा, म्हणजे त्याला लबाडीची गरज पडू नये, आणि हिशेब वरून तपासला जावा. १८२६ मध्ये लंडनच्या उत्तरेकडील चौदा न्यास एकत्र करण्यात आले व त्यांचा मुख्य सर्व्हेअर म्हणून त्याचाच मुलगा जेम्स नेमला गेला. त्याचे मुलगे अनेक न्यासांवर होते आणि ही सगळी एका घराची मिरास झाली, अशी कुजबुज त्या काळीही होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मर्जीतल्या माणसांवर तुटून पडणाऱ्याने आपल्याच मुलांची शिफारस करावी, हा विरोधाभास त्याला जाणवल्याचे दिसत नाही.

त्याचा समकालीन टॉमस टेलफर्ड हा जातिवंत अभियंता. तो हाताने रचलेल्या दगडांचा भक्कम पाया घाली. त्याच्या होलीहेड मार्गाला सरकारी तिजोरीचा आधार होता. टेलफर्डचा रस्ता अधिक टिकाऊ, मॅकॅडमचा स्वस्त. कर्जात बुडालेल्या न्यासांनी कोणाची निवड केली असेल हे सांगावयास नको. तथापि मॅकॅडमच्या सिद्धान्तात अतिशयोक्ती होती, हेही नोंदवले पाहिजे. कोरडी माती वाटेल ते वजन पेलते, हे घोड्यांच्या गाड्यांपुरते ठीक. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीची गोष्ट निराळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात भेगा पडतात, आणि या उठाबशीत वरचा रस्ता मोडतो. तिच्यावर मुरमाचा थर घालावा लागतो किंवा तिच्यात चुना मिसळावा लागतो.

शिवाय कोरडी असणे पुरत नाही, माती दाबलेलीही हवी. हे काम मॅकॅडमने गाड्यांवर सोपवले होते. त्याच्या पश्चात जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३३ साली, लॉस एंजेलिसमध्ये मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टर या अभियंत्याने दबाईचे शास्त्र मांडले. माती फार कोरडी असली तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत. फार ओली असली तर पाणीच जागा अडवते. प्रत्येक मातीसाठी ओलाव्याचे एक प्रमाण असे असते की त्या वेळी रोलर फिरवला तर ती सर्वांत घट्ट बसते. म्हणून भराव वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी घालावा, प्रत्येक थर पाणी मारून दाबावा आणि तपासावा. प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्के भरावात व ९७ टक्के रस्त्याच्या थेट खालच्या थरात मिळावी, असे आपल्याकडील मानक आहे. मीटरभर माती एकदम ओतून वरून एक रोलर फिरवला, तर वरचा वीतभर थर घट्ट होतो आणि खालचा पहिल्या पावसाची वाट पाहतो.

घाटातील संरक्षक भिंतींची कथाही याच पोटातली. भिंतीमागे दगड, वाळू, मुरूम असा पाणी सोडणारा भराव असला आणि भिंतीत पाणी झिरपण्याची भोके उघडी असली, तर तिच्यावर मातीचा रेटा बेताचाच येतो. मागे पाणी तुंबले की तोच रेटा दुपटीहून अधिक होतो, कारण आता माती आणि पाणी दोन्ही ढकलतात. पावसाळ्यात भिंत कोसळली की सिमेंट कमी घातले असे आपण म्हणतो. कधी ते खरेही असते. पण भोके बुजली होती काय, आणि मागे चिकणमाती लोटली होती काय, हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

मॅकॅडमचे नाव मिरवणाऱ्या आपल्या खडीकरणात त्याने निषिद्ध मानलेला मातकट बांधा आणि पाणी दोन्ही येतात, ही गंमतच आहे. त्याच्यानंतर रोलर आले आणि दगडाची भुकटी वा मुरूम पाण्याबरोबर दाबल्यास थर लवकर बांधला जातो असे दिसून आले. चिकटपणाची मर्यादा पाळली तर त्यात गैर नाही. खरी फारकत अन्यत्र आहे. नवा रस्ता हा भांडवली खर्च, त्याला भूमिपूजन असते, फलक असतो. चर उपसणे हा चालू खर्च, त्याला काहीच नसते. महाराष्ट्रातील रस्त्यांवर एकेकाळी ठरावीक लांबीमागे मैलकुली असे. चर मोकळा ठेवणे, साइडपट्टी भरणे, खड्डा टोपलीएवढा असतानाच बुजवणे, ही त्याची कामे. मॅकॅडमने त्याला पाहताक्षणी ओळखले असते. पुढे ही व्यवस्था मागे पडली. दुसरीकडे ओझे वाढतच गेले. चार टायरांच्या एका आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन वजनास केंद्र सरकारने २०१८ साली परवानगी दिली. वाढ सुमारे तेरा टक्क्यांची. पण १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉयमध्ये झालेल्या प्रयोगांनुसार रस्त्याची झीज वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे येथे साठ टक्क्यांनी. रस्ता गाडीसाठी असतो, गाडी रस्त्यासाठी नव्हे, हे मॅकॅडमचे तत्त्व मान्य केले तरी त्याचा खर्च कोणत्या रकान्यात मांडला, हे तो विचारल्यावाचून राहता ना.

त्याच्या हयातीतच त्याच्या पद्धतीने देशाचा वेग बदलला. ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी १७८४ साली सुमारे सोळा तासांत पोहोचली होती. १८३० च्या दशकात तोच प्रवास बारा तासांवर आला. सुधारलेल्या गाड्या आणि घोड्यांच्या जलद बदल्या यांचाही त्यात वाटा होता. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १८२३ साली त्याच्या पद्धतीचा पहिला रस्ता झाला. त्याला सर ही पदवी देऊ केली गेली. वय झाले म्हणून त्याने ती नाकारली आणि १८३४ मध्ये ती मुलाला मिळाली. पैसा त्याने फारसा मागे ठेवला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात तो स्कॉटलंडला जाई. अशाच एका फेरीवरून परतताना, नोव्हेंबर १८३६ मध्ये, मॉफट या गावी त्याला मृत्यू आला आणि तेथेच त्याचे दफन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिस्टल-लंडन लोहमार्गाला संसदेची मंजुरी मिळाली होती. १८४१ साली गाडी सुरू झाली आणि बारा तासांचे अंतर चार तासांवर आले. टपालगाड्या बंद पडल्या, नाक्यांवरचे उत्पन्न आटले, न्यासांची कर्जे मात्र उरली. शेवटचा पथकर-न्यास १८९५ मध्ये मोडीत निघाला. पुढे १९०२ साली हूली नावाच्या एका परगण्याच्या सर्व्हेअरने मॅकॅडमच्या खडीत डांबर मिसळण्याचे पेटंट घेतले आणि त्या मिश्रणाला दोघांच्या नावांतून जोडलेले ‘टारमॅक’ हे नाव मिळाले. त्यातले अर्धे डांबराचे, अर्धे मॅकॅडमचे.